जांघेचे जुने दुखणे आणि एमआरआयचा अहवाल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर एखाद्या खेळाडूच्या दुखापतीची बातमी येते, तेव्हा तिच्यात ‘एमआरआय तपासणीत दुखापत निष्पन्न झाली’ असे एक वाक्य हटकून असते. दुखापत कालपरवाची असेल तर ते वाक्य बहुधा बरोबर असते. परंतु चार-चार, सहा-सहा महिने रेंगाळणाऱ्या जांघेच्या दुखण्याबाबत तेच वाक्य वाचकाची आणि त्याहून अधिक स्वतः खेळाडूची दिशाभूल करते. मी कोल्हापुरात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करतो. येथे पेठापेठांतील तालमींचे फुटबॉल संघ आहेत आणि हंगाम सुरू झाला की ‘जांघ धरलीय’ म्हणत येणाऱ्या मुलांची रीघ लागते. त्यांचे अहवाल मी लिहितो आणि त्या अहवालांचे पुढे काय होते हेही पाहतो, म्हणून हे पत्र.

ताजी दुखापत आणि जुने दुखणे यांतला फरक आपल्या वाचकांच्या ओळखीच्या उदाहरणाने सांगतो. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेतील युजीन येथील जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत नीरज चोप्राने ८८.१३ मीटर भाला फेकून रौप्यपदक मिळवले. त्यानंतर झालेल्या एमआरआयमध्ये जांघेची दुखापत दिसली, महिनाभर विश्रांती सांगण्यात आली आणि तो बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेला मुकला. २६ ऑगस्टला लोझानच्या डायमंड लीगमध्ये मात्र त्याने ८९.०८ मीटर फेक करून पहिला क्रमांक मिळवला. ताज्या दुखापतीत प्रतिमेचे काम असे सरळ असते. स्नायूचे तंतू कोठे फाटले, किती फाटले आणि भोवती किती रक्त-पाणी साठले हे एमआरआयमध्ये स्वच्छ दिसते आणि त्यावरून परतीचा अंदाज बांधता येतो. पण जांघेच्या त्रासाने नीरजची पाठ पुढेही सोडली नाही. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये ८९.४५ मीटरची फेक करून रौप्यपदक जिंकल्यावर तो या त्रासाविषयी आणि फेकताना मनात राहणाऱ्या धास्तीविषयी उघडपणे बोलला. ज्या खेळाडूभोवती उत्तम डॉक्टर आणि फिजिओ आहेत त्याच्याही बाबतीत हे दुखणे एका तपासणीने आणि एका विश्रांतीने मिटत नाही, तर तालमीच्या संघातल्या पोराचे काय होत असेल याची कल्पना करावी.

हे दुखणे इतके चिवट का, हे त्या जागेच्या रचनेत आहे. ओटीपोटाच्या तळाशी डावे आणि उजवे जघनास्थी समोरासमोर येतात आणि त्यांच्यामध्ये कूर्चेची एक चकती असते. या सांध्यावर वरून पोटाचे सरळ स्नायू येऊन बसतात, खालून मांडी आत ओढणारे स्नायू, ज्यांना फिजिओ ‘अ‍ॅडक्टर’ म्हणतात, ते सुरू होतात आणि दोघांच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या चिवट दोऱ्या, सांध्याच्या पुढच्या बाजूला एकमेकांत मिसळून गेलेल्या असतात. अगदी शेजारून जांघेची नलिका जाते आणि जवळच खुब्याचा सांधा आहे, ज्याचे दुखणे रुग्णाला बहुतेक वेळा जांघेतच जाणवते. धावता धावता एका पायावर वळणे, आतल्या पावलाने जोराचा फटका मारणे, कबड्डीत पाय लांबवून स्पर्श करून परत फिरणे, या प्रत्येक हालचालीत तो सांधा वरून-खालून ओढला जातो. वर्षानुवर्षे असा ताण घेणारे हाड आणि कंडरा आपले रूप बदलतात. मजूर माणसाच्या तळहाताला घट्टे पडावेत तसे हे आहे. घट्टा दिसला म्हणून हात दुखतोच असे नाही.

आता एक प्रसंग सांगतो. त्यात दोष माझ्याकडे येतो आणि तो मी नाकारत नाही. काही वर्षांपूर्वी एकोणीस वर्षांचा एक आघाडीपटू माझ्याकडे आला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘एमआरआय पेल्व्हिस, जांघेत वेदना’ एवढेच लिहिले होते. मी प्रतिमा पाहिल्या आणि अहवाल लिहिला: दोन्ही जघनास्थींच्या मज्जेत सूज, सांध्याची कड ओबडधोबड, उजव्या अ‍ॅडक्टरची कंडरा जाडसर आणि शेवटच्या ओळीत निष्कर्ष, ‘ऑस्टायटिस प्युबिस’. प्रतिमेत जे होते तेच मी लिहिले होते. मुलाच्या घरच्यांनी ते दोन शब्द मोबाइलवर शोधले आणि ‘हाडाला सूज’ हे वाचून घाबरले. मुलाला फुटबॉल बंद करायला सांगण्यात आले. चार महिने तो घरी बसला, दुखणे गेले, सरावाला उतरला आणि आठवड्याच्या आत पुन्हा आले. पुन्हा विश्रांती, पुन्हा तोच फेरा. मग कोणी ‘स्पोर्ट्‌स हर्निया’ची, म्हणजे खरा हर्निया नसतानाही जांघेच्या जुन्या दुखण्याला दिल्या जाणाऱ्या नावाची, शस्त्रक्रिया सुचवली. ती तारीख ठरण्याआधी एका फिजिओने त्याला टेबलावर झोपवले, अ‍ॅडक्टर जेथे हाडाला चिकटतो तेथे बोटाने दाबले आणि दोन गुडघ्यांमध्ये आपली मूठ ठेवून ती दाबायला सांगितली. दोन्ही वेळा मुलगा म्हणाला, ‘हेच ते दुखणे.’ तीन महिने स्नायूला टप्प्याटप्प्याने बळ देणारा व्यायाम झाला आणि तो मैदानावर परतला. पुढे दुसऱ्या एका कारणासाठी त्याच भागाचा एमआरआय माझ्याकडेच झाला. माझ्या पहिल्या अहवालातली जवळजवळ सगळी चिन्हे प्रतिमेत तशीच होती आणि मुलगा पूर्ण नव्वद मिनिटे खेळत होता.

मी जे पाहिले ते एकट्या माझ्या टेबलावरचे नाही. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१५ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. त्यांनी अ‍ॅडक्टरच्या जुन्या दुखण्याने त्रस्त असलेले २८ फुटबॉलपटू, काहीही न दुखणारे १७ फुटबॉलपटू आणि फुटबॉल न खेळणारे २० जण यांचे एमआरआय काढले आणि कोणती प्रतिमा कोणाची आहे हे न सांगता ती वाचायला दिली. सांध्यातली चकती बाहेर डोकावणे आणि मज्जेतली मोठ्या प्रतीची सूज ही चिन्हे दुखणाऱ्यांमध्ये अधिक आढळली, हे खरे. परंतु काहीही न दुखणाऱ्या फुटबॉलपटूंपैकीही ७१ टक्क्यांपर्यंत खेळाडूंच्या प्रतिमांत कोणते ना कोणते दोष दिसले आणि फुटबॉल न खेळणाऱ्यांपेक्षा ते त्यांच्यात कितीतरी अधिक होते. याचा सरळ अर्थ असा की त्या प्रतिमेवरून हा माणूस फुटबॉल खेळतो एवढे खात्रीने कळते. त्याला दुखते की नाही हे त्या मानाने फार कमी कळते. अमेरिकेत आइस हॉकीच्या ३९ खेळाडूंची अशीच तपासणी झाली होती. त्यांच्यापैकी कोणालाच दुखत नव्हते आणि तरी ३० जणांच्या खुब्यात किंवा जांघेत दोष सापडले.

हा गोंधळ वैद्यकक्षेत्रानेही ओळखला आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये कतारमधील दोहा येथे १४ देशांतील २४ तज्ज्ञ एकत्र आले आणि जांघेच्या दुखण्याला कोणती नावे द्यायची यावर त्यांनी एकमत केले. त्यांनी दुखण्याचे वर्गीकरण अहवालातल्या शब्दांवरून न करता बोटाने दाबून आणि विरोध देऊन करायच्या तपासणीवरून केले: अ‍ॅडक्टरशी निगडित, मांडी वर उचलणाऱ्या स्नायूशी निगडित, जांघेच्या नलिकेशी निगडित आणि जघनास्थीशी निगडित. खुब्याचे दुखणे आणि इतर कारणे यांचा विचार त्यांनी वेगळा ठेवला. एकाच खेळाडूला यांतले दोन प्रकार एकत्र असू शकतात हेही त्यांनी मान्य केले. ‘स्पोर्ट्‌स हर्निया’ आणि ‘ऑस्टायटिस प्युबिस’ ही दोन्ही नावे वापरू नयेत अशी त्यांची शिफारस आहे. या गोष्टीला दहा वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी माझ्या हाती येणाऱ्या निम्म्या चिठ्ठ्यांवर आजही हीच नावे असतात आणि आम्ही रेडिओलॉजिस्ट मंडळीही ती अहवालात सवयीने लिहितो. खुब्याच्या बाबतीतही २०१६ मध्ये इंग्लंडमधील वॉरविक येथे असेच ठरले की, सांध्याची हाडे एकमेकांवर घासण्याचे निदान करायला रुग्णाची तक्रार, तपासणीतली लक्षणे आणि प्रतिमेतले दोष ही तिन्ही एकत्र असायला हवीत. एकटी प्रतिमा पुरत नाही.

येथे कोणी विचारेल की मग एमआरआय काढायचाच कशाला. काढायचा, आणि नीट काढायचा. तक्रार अशी आहे की आपल्याकडे तो बहुतेक वेळा नीट काढला जात नाही. ‘एमआरआय पेल्व्हिस’ असे लिहून आले की तंत्रज्ञ संपूर्ण ओटीपोटाचे जाड काप घेतो. हा क्रम गर्भाशय, मूत्राशय, प्रोस्टेट यांसाठी बसवलेला असतो आणि त्यात जघनास्थींचा सांधा जेमतेम दोन-चार कापांत येतो. जांघेच्या दुखण्यासाठी आधी दोन्ही खुबे आणि पाठीमागचे त्रिकास्थीचे सांधे एका चौकटीत येतील असे रुंद काप घ्यावे लागतात, म्हणजे दुखण्याचे दूरचे कारण निसटत नाही. त्यानंतर फक्त त्या सांध्यावर, चरबीचा उजेड दाबून, बारीक तिरपे काप घ्यावे लागतात. तेव्हाच पोटाच्या स्नायूची आणि अ‍ॅडक्टरची एकत्र झालेली कंडरा हाडावरून कोठे सुटली आहे ते दिसते आणि सांध्याच्या मध्यातली नैसर्गिक फट कोणती व तिच्यातून एका बाजूला खाली झिरपलेली दुसरी, दुखापतीची फट कोणती हे वेगळे करता येते. ही दुसरी फट खेळाडू ज्या बाजूला बोट ठेवतो त्याच बाजूला असेल तर तिला मोल आहे. पण त्यासाठी खेळाडू कोठे बोट ठेवतो हे मला कळायला हवे आणि चिठ्ठी त्याबद्दल गप्प असते.

सोनोग्राफीचे एक वेगळेपण आहे. खेळाडूला खोकायला, कुंथायला लावून जांघेची भिंत हलताना पाहता येते आणि खरा हर्निया असेल तर तो तेव्हा दिसतो. मात्र जोर केल्यावर भिंत थोडी फुगणे हे न दुखणाऱ्या तरुण खेळाडूंतही आढळते आणि तेवढ्यावरून कोणाला शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेऊ नये. जाता जाता एक अडचण नोंदवतो. गर्भलिंगनिदानाला आळा घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे आपल्याकडे प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते आणि ते मैदानावर घेऊन फिरणे परदेशातल्यासारखे सोपे नाही. कायद्याचे कारण रास्त आहे आणि त्यात ढिलाई मागणे मला पटत नाही. म्हणून आपल्याकडे हाताने केलेल्या तपासणीचे महत्त्व अधिकच वाढते.

एका बाबतीत मात्र थांबणे धोक्याचे आहे आणि ती बाब फुटबॉलपेक्षा भरतीच्या मैदानावर जास्त दिसते. पोलीस भरतीसाठी मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. गावोगावची मुले-मुली महिना-दोन महिने आधी अचानक डांबरी रस्त्यावर रोज धावू लागतात. अशा धावणाऱ्याला जांघेत खोल दुखत असेल, पायावर भार देताच दुखणे वाढत असेल, रात्रीही दुखत असेल किंवा एका पायावर उडी मारणे अशक्य झाले असेल, तर मांडीच्या हाडाच्या मानेला किंवा जघनास्थीला बारीक तडा गेला असण्याची शंका आधी घ्यावी. असा तडा पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेमध्ये दिसत नाही आणि ‘एक्स-रे नॉर्मल आहे, पळत राहा’ असा सल्ला दिला जातो. मानेचा तडा पूर्ण तुटला तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन सांधा कायमचा निकामी होऊ शकतो. येथे एमआरआय त्याच आठवड्यात व्हायला हवा आणि तोवर धावणे बंद. ज्या मुलीची मासिक पाळी सरावाच्या काळात बंद झाली आहे आणि खाणे अपुरे आहे, तिच्या बाबतीत ही शंका दुप्पट घ्यावी. ताप, वजन घटणे, सकाळी तासभर कंबर आखडणे ही लक्षणेही वेगळ्या रोगाकडे बोट दाखवतात. आपल्या देशात खुब्याचा क्षयरोग अजून संपलेला नाही.

वाढत्या वयाच्या मुलांचा प्रश्न आणखी नाजूक आहे. बारा-तेरा वर्षांचा मुलगा लंगडत असेल, जांघ किंवा नुसता गुडघाच दुखतो म्हणत असेल, तर खुब्याच्या हाडाचा गोळा वाढीच्या चकतीवरून घसरला नाही ना हे एक्स-रेवर त्याच दिवशी पाहावे. उलट सोळा-सतरा वर्षांच्या खेळाडूच्या जघनास्थीच्या कडा प्रतिमेत खडबडीत दिसतात, कारण त्या भागाची वाढ विशीपर्यंत चालू असते. त्या कडांना ‘झीज’ म्हणणे म्हणजे वाढत्या हाडाला रोग म्हणणे. मी स्वतः सुरुवातीच्या काळात ते म्हटले आहे. वय आणि खेळ चिठ्ठीवर असते तर कदाचित म्हटले नसते.

उपचाराविषयी मी अधिकाराने बोलू नये, परंतु एका प्रयोगाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डेन्मार्कमधील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अ‍ॅडक्टरच्या जुन्या दुखण्याने ग्रासलेल्या ६८ खेळाडूंपैकी अर्ध्यांना आठ ते बारा आठवडे स्नायूंना बळ देणारा व्यायाम दिला गेला आणि अर्ध्यांना मालीश, यंत्रोपचार असे पडून घ्यायचे उपचार. चाचणी पुरी करणाऱ्यांपैकी व्यायामाच्या गटातील २९ मधले २३ जण वेदनेशिवाय पूर्वीच्याच पातळीवर खेळू लागले, दुसऱ्या गटातील ३० मधले फक्त ४. या निकालाने मला विचारात पाडले, कारण आपल्याकडे तालमीतल्या मालीशपासून महागड्या यंत्रांपर्यंत सारा भर दुसऱ्या गटाच्या उपचारांवर असतो. पुढे नॉर्वेतील ३५ संघांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अ‍ॅडक्टरचा एकच व्यायाम नियमित करणाऱ्या संघांत जांघेच्या तक्रारींचा धोका ४१ टक्क्यांनी कमी आढळला. त्या व्यायामाला यंत्र लागत नाही, एक जोडीदार लागतो. आमच्या शहरातल्या कोणत्याही तालमीच्या अंगणात तो उद्यापासून होऊ शकतो आणि वस्तादांनी मनावर घेतले तर होईलही.

माझे मागणे सोपे आहे आणि ते प्रथम माझ्याच व्यवसायाकडे आहे. जांघेच्या दुखण्याचा अहवाल लिहिताना आपण प्रतिमेतले दोष सांगावेत, पण त्यापुढे ‘असे दोष न दुखणाऱ्या खेळाडूंतही आढळतात, तपासणीतल्या लक्षणांशी ताडून पाहावे’ हे वाक्य मराठीत आणि ठळक लिहावे. ते वाक्य अहवाल घेऊन जाणारा मुलगा आणि त्याचे आईवडील वाचतील. कंडरा खरोखर हाडावरून सुटली असेल किंवा हाडाला तडा असेल तर तेही तितक्याच स्पष्टपणे, आडपडदा न ठेवता लिहावे. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना विनंती आहे की तिच्यावर वय, खेळ, किती आठवडे दुखते, कोणत्या बाजूला, दाबल्यावर नेमके कोठे आणि कोणत्या हालचालीने दुखते एवढे लिहावे. दोन मिनिटांचे काम आहे. मी माझ्या केंद्रात या महिन्यापासून असा छोटा तक्ता छापून ठेवला आहे आणि तो कोरा आला तर यंत्र सुरू करण्यापूर्वी मी स्वतः खेळाडूला विचारून भरतो. संघाच्या व्यवस्थापकांनी आणि महाविद्यालयांच्या क्रीडा विभागांनी केवळ अहवालातल्या एका शब्दावरून मुलाला संघातून काढू नये, तसेच अहवाल ‘नॉर्मल’ आला म्हणून दुखते म्हणणाऱ्याला खोटारडा ठरवू नये. हे दुसरेही मी पाहिले आहे आणि ते पहिल्याइतकेच वाईट आहे.

आपल्या दैनिकाकडे एक विनंती. पुढच्या वेळी एखाद्या खेळाडूच्या जांघेच्या जुन्या दुखण्याची बातमी द्याल, तेव्हा ‘एमआरआयमध्ये निष्पन्न’ याच्या जोडीला त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांना किंवा फिजिओंना काय आढळले हेही विचारून छापावे. माझ्या केंद्राबाहेर बाकावर बसून आपलेच क्रीडा पान वाचणारी मुले ते वाचतील आणि आत आल्यावर मला ‘डॉक्टर, यात काय निघालं?’ एवढेच न विचारता आपले बोट कोठे दुखते तेथे ठेवून दाखवतील.

आपला विश्वासू,
एक रेडिओलॉजिस्ट, कोल्हापूर